संध्याकाळची धार

सांगलीत लेकीच्या फ्लॅटमध्ये येऊन मला आज तेविसावा दिवस. तिसरा मजला. मिरजेच्या दवाखान्यात गुडघा बदलून घेतलाय. वॉकर धरून मी हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाते आणि परत येते. लेक म्हणते, आराम कर. जावई विचारतात, टीव्ही लावू का. दोघंही भली माणसं आहेत, आणि दोघांचाही मला संध्याकाळी पाच वाजता राग येतो. पाच वाजले की माझी बोटं आपोआप हलायला लागतात. छप्पन्न वर्षं त्या वेळेला मी गाईच्या कुशीला डोकं टेकवून बसलेली असायचे. आता समोर सोफा आहे.

नातीनं ही वही दिली. आजी, कंटाळतेस तर काहीतरी लिही, म्हणाली. मी सातवी शिकलेय, अक्षर अजून बरं आहे. लिहायचंच तर मग एकच गोष्ट लिहिते. लग्न होऊन छप्पन्न वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत मी माहेरी फक्त दोन रात्री मुक्काम केला. का, ते सगळ्यांना वाटतं तसं नाही. मलाही ते दोन महिन्यांपूर्वी कळलं.

माझं माहेर आटपाडीच्या पुढं, कोरड्या माळावर. जमीन भरपूर आणि पाण्याच्या नावानं ठणठणाट, म्हणून आमच्या घरानं पिढ्यान्‌पिढ्या एकच काम केलं. खिल्लार जनावरं वाढवली. वडिलांकडं लहानमोठी धरून पन्नास-साठ जनावरं असत. खोंड जत्रेत विकायचे आणि गाई ठेवायच्या. गाई काही दुधासाठी नव्हत्या. खिल्लार गाय देऊन देऊन देणार किती, वासराचं पोट भरून वर दीड-दोन लिटर. तिला पाळायचं ते तिच्या पोटी येणाऱ्या बैलासाठी.

आमच्या गाई बांधलेल्या नसत. सकाळची धार झाली की माळावर सुटायच्या. दिवस कलला की आई काट्याच्या कुंपणाशी उभी राहून हाळी द्यायची. आधी जीभ टाळूला लावून काढलेला टकटक आवाज, मग मागून लांबवलेलं होऽ. प्रत्येक घराची हाळी वेगळी. लांब क्षितिजाला पांढरे ठिपके असायचे, ते हलायला लागायचे. मी आईच्या शेजारी उभी राहून कोणता ठिपका कोणती गाय ते सांगायचे आणि माझं चुकायचं नाही. आमच्या माळावर काही लपत नव्हतं.

खिल्लार गाय तापट, माझ्यासारखी. एका माणसाचा हात तिला कळला की दुसऱ्याला जवळ उभं करत नाही. पान्हा चोरते, म्हणजे कासेत दूध असून सोडत नाही, आणि वर लाथ झाडते. त्यासाठी आमच्यात एक रीत होती. गाय दुसऱ्या घरात जायची असेल तर तिची धार काढणाऱ्या बाईनं नव्या बाईचा हात लावून द्यायचा. पंधरा दिवस दोघींनी गाईखाली एकत्र बसायचं. नवा हात सडाला, त्याच्यावर जुना हात. मग जुना हात हळूहळू सैल करायचा. शेवटी जुनी बाई नुसती शेजारी बसून हाळी गुणगुणायची, आणि एक दिवस न सांगता उठून जायची. तोवर गाईला नवा हात आपला झालेला असायचा.

सतराव्या वर्षी माझं लग्न झालं. सासर रहिमतपूरजवळचं, ऊसवाल्यांचं. वडिलांनी आंदण म्हणून गाय दिली. आमच्याकडं तशी पद्धतच होती आणि आंदणाची गाय मुलीची असते, तिची पैदासही मुलीची, हे सगळ्यांना मान्य होतं. वडील स्वतः तीन दिवस चालत तिला घेऊन आले. निघायच्या आधी आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "गेल्या गेल्या सासूचा हात लावून दे. न्हाईतर गाईसंगं तूबी बांधली जाशील."

मी मान हलवली आणि सासरी गेल्यावर बरोबर उलटं केलं.

त्या घरात मला कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. तसलं काही सांगायला नाही माझ्याकडं. पण पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी माझी ट्रंक उघडली. साड्या कपाटात गेल्या, कपाटाची किल्ली त्यांच्या कनवटीला. दागिने नीट ठेवते म्हणून घेतले ते नीटच ठेवले, मला दिसले मात्र सणासुदीला. नवरा पलटणीत, वर्षातून दोनदा यायचा. बाहेर पडावं तर चहूकडं ऊस. माळावर वाढलेल्या माणसाला उसात काय होतं, ते उसातल्या माणसाला सांगून कळणार नाही. दहा पावलांपुढं दिसत नाही. वारा नाही. पानं अंगाला कापतात. शेतात काम करताना मी मधूनच उभी राहून वर बघायचे, कारण लांबचं दिसेल असं वरच तेवढं होतं. माझी गायही दावणीला बांधलेली. सुरुवातीला ती दावं तोडायला बघायची. पुढं तिनं सोडून दिलं.

तर सासूबाई चरवी घेऊन गोठ्यात आल्या तेव्हा मी तिथंच होते. मला त्यांचा हात माझ्या हाताखाली घ्यायला हवा होता. मी बाजूला सरकले आणि म्हणाले, काढा की तुम्हीच. त्या बसल्या. गाईनं चरवी उडवली आणि त्यांना शेणात पाडलं. मी पदर तोंडात कोंबला होता, पण डोळे हसत असणार. त्यानंतर दोनदा तसंच झालं. मग त्यांनी नाद सोडला. गाय एकट्या सुनेच्या हातची, असं गावात झालं. कुणी पाहुणं आलं की सासूबाई चहाला दूध मागायला माझ्याकडं यायच्या. मागायला यायच्या, हे महत्त्वाचं. त्या घरात माझ्या परवानगीशिवाय होणार नाही अशी ती एकच गोष्ट होती आणि मी ती मुठीत घट्ट धरली.

मग दोर माझ्या बाजूनं आवळायला लागला. कुठं जायचं म्हटलं की संध्याकाळची धार आडवी यायची. एक गाय आटली की तिची कालवड व्यालेली असायची. ती कालवडही माझ्या एकटीच्याच हातावर वाढलेली. हे मी समजून-उमजून केलं. पहिलटकरीण गाय कुणाच्याही हाताला लवकर रुळते, तेव्हा जावेचा हात लावला असता, घरातल्या कुणाचाही लावला असता. नाही लावला.

पहिल्याच वर्षी भावाचं लग्न आलं. दोन रात्री राहिले माहेरी, त्याच या दोन. वासराला मोकळं सोडा म्हणजे झालं, असं सासूबाईंनी ठरवलं. वासरू दोन दिवस दिवसभर ढोसत राहिलं. मी परत आले तेव्हा त्याला हगवण लागली होती. तिसऱ्या दिवशी मेलं. वासराशिवाय गाईनं पान्हा सोडला नाही, कास दगडासारखी झाली. तिच्या कासेला गरम पाण्यानं शेकत मी आठवडा काढला आणि मनाशी पक्कं केलं की पुन्हा मुक्काम नाही. लोकांना वाटलं सासूनं तंबी दिली. सासूबाई तर एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

त्यानंतर मी माहेरी गेले ती सकाळची धार काढून पहिली एसटी धरून. रहिमतपूर, पुढं विटा, पुढं आटपाडी. पोचायला साडेदहा-अकरा. दीड वाजता परतीची गाडी. मधल्या वेळात जेवायचं, बोलायचं, रडायचं असेल तर तेही उरकायचं. मी दारात दिसले की आईचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"मुक्काम हाय का गं?"

"न्हाई आये. संध्याकाळची धार हाय."

हात लावून दिलास का, असं तिनं मला आयुष्यात एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर मला खोटं बोलावं लागलं असतं, आणि ते तिला माहीत असणार. माझ्यासाठी ती चुलीवर काहीतरी शिजत ठेवायची, ते बहुतेक वेळा अर्धंकच्चं असताना मी उठायचे.

नवरा सुटीवर आला की माझी थट्टा करायचा. आमच्या पलटणीत हवालदाराला पण छुट्टी मिळते, तुझा साहेब कुठला आहे गं इतका कडक, म्हणायचा. एकदा त्यानं कागदावर पेन्सिलनं माझ्या नावानं सात दिवसांची रजा मंजूर करून गोठ्याच्या खांबाला चिकटवली होती. मी हसले आणि धारेला बसले. तो पेन्शनीत आला तेव्हा म्हणाला, आता मी काढतो धार, मला शिकव. मी म्हणाले, लाथ बसेल. खरं सांगायचं तर मला त्याचाही हात नको होता. तो गेला त्याला चौदा वर्षं झाली. त्याची खुर्ची अजून गोठ्याच्या दारात आहे, तिच्यावर आता पेंडीची पोती ठेवतात.

सासूबाई त्याच्या कितीतरी आधी गेल्या. किल्ली माझ्याकडं आली. कपाट उघडलं तर माझ्या साड्या घडीवर विरलेल्या होत्या. तेव्हा तरी मी मोकळं व्हायला काय हरकत होती? आता मागणारं कुणी नव्हतं. पण इतक्या वर्षांत मी दुसरं काही मिळवलंच नव्हतं. सगळे म्हणायचे, म्हातारी गाईपायी अडकलीय. आणि मी मान वर करून म्हणायचे, करणार काय, माझ्याशिवाय तिचं होत नाही. अडकल्याचीही मिजास असते माणसाला.

मग घरात सून आली. मेढ्याकडची, डोंगरातली. कामाला वाघीण, बोलायला कमी. मला पहिल्यांदा ती मठ्ठ वाटली होती. ती गोठ्यात शेण काढायला यायची तेव्हा मी धारेला असायचे. ती भिंतीपलीकडं उभी राहून काम करायची आणि मी आईची हाळी गुणगुणत राहायचे.

अकरा वर्षांपूर्वी मला जोराचा ताप आला. साताऱ्याला दवाखान्यात तीन दिवस होते. शुद्धीवर आल्या आल्या मी पहिलं विचारलं, धार? सून म्हणाली, वासराला पाजलं. घरी आले तर वासरू टुणटुणीत. मी म्हणाले, चला, मोठं होतं म्हणून निभावलं. आणि कुणाला हात लावू दिला का गं तिनं, असंही विचारलं. सून म्हणाली, छे. मला इतकं बरं वाटलं की तापाचा अशक्तपणा निम्मा तिथंच गेला. गल्लीत दोघीतिघींना सांगितलं मी ते.

त्यानंतर दोन वर्षांनी आईचं झालं.

ब्याऐंशी वर्षांची होती. काही दुखत नव्हतं, जेवण सुटलं होतं. भाच्याचा फोन आला, आत्या, येऊन जावा. दुसऱ्या दिवशी पहाटेची धार काढून मी निघाले. सून पिशवी घेऊन दारापर्यंत आली. म्हणाली, "आई, आज ऱ्हावा तुमी. मी बघते."

मी तिच्यावर वसकले. काय बघणार आहेस तू, लाथ बसली तर दात पडतील, असं म्हणाले. मुलगा पण म्हणत होता की राहा. त्यालाही झापलं. ती पिशवी माझ्या हातात देऊन आत गेली.

आटपाडीच्या पुढं आता कालव्याचं पाणी आलंय. आमच्या माळावर डाळिंबाच्या बागा झाल्यात, तारांची कुंपणं झालीत. भाच्यानं जनावरं केव्हाच विकली. काट्याचं कुंपण होतं तिथं त्याचा ट्रॅक्टर उभा असतो. आई आतल्या खोलीत कॉटवर होती, अगदी एवढीशी. मी तिचा हात धरून बसले. तिनं डोळे उघडले, मला ओळखलं.

"मुक्काम हाय का गं?"

मी तेच उत्तर दिलं. तिनं डोळे मिटले. माझ्या बोटांवर तिची बोटं होती, ती तिनं जराशी दाबली आणि सैल सोडली. भाच्याची बायको म्हणाली, आत्या, आजच्या दिवस थांबा ना. मी घड्याळ बघितलं. दीडची गाडी पकडली आणि साडेपाचला गाईखाली होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढत असताना मुलगा गोठ्याच्या दारात येऊन उभा राहिला. तिथंच थांबला. परका माणूस जवळ आला की गाय बुजते, चरवी सांडते, हे लहानपणापासून त्याच्या अंगात मुरलेलं. माझी धार संपेपर्यंत तो हातात फोन धरून गप्प उभा होता. मी चरवी उचलून वळले तेव्हा त्यानं सांगितलं. मी आधी दूध आत नेऊन ठेवलं. ते मी का केलं मला माहीत नाही. मग पायरीवर बसले.

नऊ वर्षं मी स्वतःला एकच सांगत आले की माझा इलाज नव्हता. गाय होती, मी काय करणार?

यंदा गुडघ्यानं जवाब दिला. खाली बसले की उठता येईना. खांबाला दोर बांधून घेतला, त्याला धरून उठायचे. डॉक्टर म्हणाले, गुडघा बदला, आणि पुढं गाईखाली बसायचं नाव काढू नका. मुलगा मऊ बोलतो, त्यानं एवढंच म्हटलं की दवाखान्यात जायच्या आधी गाईचं काहीतरी ठरवायला हवं. म्हणजे काय ते मला कळलं असं वाटलं. ही आंदणाच्या पैदाशीतली शेवटची. व्याली होती, दोन महिन्यांची कालवड पायाशी. जिची धार निघत नाही अशी तापट गाय कोण ठेवील? व्यापारी येईल, टेम्पोत चढवील. वडिलांनी तीन दिवस चालवत आणलेल्या गाईचं बी असं जायचं.

दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सुनेला हाक मारली. म्हणाले, उद्यापासून माझ्याशेजारी बसायचं, पंधरा दिवस. हात लावून देते.

बोलताना माझा आवाज चांगला नव्हता. आयुष्यभर धरलेली गोष्ट मी देत होते आणि देताना तिनं ते उपकार म्हणून घ्यावेत असं मला वाटत होतं. ती नुसतं बरं म्हणाली.

सकाळी मी तिला पाट दिला. मी दोर धरून शेजारी बसले. कालवड लावली, मग ओढून बांधली. सुनेला सांगितलं, घाबरू नकोस, पाय झाडेल, कोपर पुढं ठेव. तिचा हात सडाला लावला आणि वर माझा हात ठेवला. गाय लाथ झाडेल म्हणून माझं सगळं अंग ताठ झालं होतं.

गाईनं पाय हलवला नाही. कान पाडून रवंथ करत राहिली. दुधाची धार चरवीत वाजायला लागली, जोरात, सरळ. मग गाईनं मान वळवली आणि सुनेचा खांदा चाटला. माझा नाही, सुनेचा.

जनावरात वाढलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. मी हात काढून घेतला.

"तू बसलीयस हिच्याखाली."

सुनेनं हात थांबवला नाही. धार चालूच होती.

"कवापासनं?"

"तुमाला ताप आला हुता तवापासनं," ती म्हणाली. मान खाली होती.

मग तिनं थोडं थोडं सांगितलं. तीन दिवस मी साताऱ्याला होते तेव्हा पहिल्या संध्याकाळी गाय हंबरून हंबरून दमली. वासराला मोकळं सोडायची तिला भीती वाटली, कारण आधीच्या वासराची गोष्ट मीच तिला दहादा ऐकवली होती. तिनं माझी बोळा करून टाकलेली साडी नेसली, माझ्या पाटावर बसली आणि भिंतीपलीकडून ऐकलेली हाळी म्हटली. लाथ बसली. ती पुन्हा बसली. दुसऱ्या दिवशी गाईनं पान्हा सोडला. पुढं मी बाजाराला, दवाखान्याला, लग्नाकार्याला गेले की ती गाईखाली बसायची. चार धारा काढायची आणि वासराला सोडायची. गाईची तिच्या हाताची सवय मोडू नये म्हणून. ती गाय म्हातारी झाली, तिची कालवड व्याली, तिलाही तसंच. कधीतरी लागेल म्हणून, म्हणाली.

अकरा वर्षं. मी मनात मोजलं. आईला जाऊन नऊ झाली होती.

मला तिचा असा राग आला की हातातला दोर सुटला असता तर मी तिच्यावर हात टाकला असता. माझी आई जाताना हे माहीत होतं तुला, आणि तू गप्प बसलीस? असं काहीतरी मी ओरडून म्हणाले. पहिल्यांदाच माझ्या आवाजानं गाय बुजली. सुनेनं तिच्या कासेवर हात ठेवून तिला शांत केलं.

"बोलले हुते मी आई. ऱ्हावा म्हणाले, मी बघते म्हणाले."

"जमतंय मला, असं न्हाई म्हणालीस."

तिनं चरवी जराशी सरकवून घेतली. मग म्हणाली, "या घरात तुमचं म्हणून तेवढंच हुतं. ते मी कसं घिऊ?"

तिनं धार पुरी केली. चरवी घेऊन आत गेली. मी खांबाचा दोर धरून तिथंच बसून राहिले, कारण एकटीला उठता येत नव्हतं. ती थोड्या वेळानं परत आली आणि मला उठवलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या नव्हतं, मी अजून चिडलेलीच होते. कुणावर ते कळायला मला दुपार झाली.

सासूबाईंनी मला बांधलं नव्हतं. ऊसवाल्यांनी नाही, नवऱ्यानं नाही, गाईनंही नाही. आई म्हणाली होती तेवढं केलं असतं तर पंधराव्या दिवशी मी मोकळी होते. आणि शेवटची अकरा वर्षं तर दावं सुटलेलंच होतं. मी आपली गळ्यात दावं आहे असं समजून एका जागी उभी राहिले. आईची बोटं सैल झाली त्या दिवशी मला थांबता येत होतं. माझ्या सुनेनं ते मला दारात सांगितलं होतं, आणि मी तिच्या दातांची काळजी करत एसटीत बसले.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी मी सुनेला म्हटलं, माझ्यासारखा तुझाही जन्म यात जायला नको, तुझ्या नवऱ्याचाही हात लावून घे. ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, त्यांचा लावलाय, पोरीचाबी लावलाय. गेल्या दिवाळीत ती चार दिवस मेढ्याला माहेरी राहून आली तेव्हाही गोठ्यात काही अडलं नव्हतं, कारण तिथं मी होते. आता मी नसले तरी तिचं अडणार नव्हतं. आमच्या रीतीतलं तिला मी काहीच शिकवलं नव्हतं. ती माझ्याहून नीट शिकली होती.

इथं आल्यापासून ती रोज संध्याकाळी फोन करते. किती दूध निघालं ते सांगते. मी विचारत नाही, तरी सांगते. पहिले काही दिवस माझ्या मनात येत होतं की आज म्हणेल, गाईनं पान्हा चोरला, तुम्ही लवकर या. तसं व्हावं असं वाटायचं मला, खोटं कशाला लिहू. तसं एकदाही झालं नाही. कालवडीला आता जंताचं औषध दिलंय म्हणे.

काल लेक म्हणाली, आई, डॉक्टर म्हणाले पुढच्या आठवड्यात गाडीत बसायला हरकत नाही. तुला कुठं जायचंय का? मी पटकन आटपाडी म्हणाले. तिनं लगेच तिच्या मामेभावाला, म्हणजे माझ्या भाच्याला फोन लावला आणि माझ्या कानाला धरला. भाचा खूश झाला. डाळिंबाचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. आईची खोली आता रिकामीच असते, कॉट तीच आहे, म्हणाला. मग त्यानं सहज विचारलं, आटपाडीची माणसं विचारतात तसं,

"आत्या, मुक्काम हाय का?"

भिंतीवरच्या घड्याळात पाचच वाजले होते. मला सवयीचं उत्तर तोंडावर आलं होतं. ते मी गिळलं.

"हाय," मी म्हणाले. मग फोन लेकीकडं दिला.